सहा वाजता वीज फुकट

शुक्रवारी दुपारी दोनला ताइस्तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून असा उडाला, की कपातली कॉफी त्याच्या लोकरी मोज्यांवर सांडली आणि गड्याला त्याचा पत्ताही नाही.

"राइली! अगं राइली! शून्याखाली!"

त्याची बायको खिडकीच्या फटीत कापूस कोंबत होती. "बाहेर उणे एकतीस आहे, दिसतंय मला. त्यात एवढं बोंबलायला काय झालं?"

"थंडी नाही गं! भाव! उद्या संध्याकाळी सहा ते नऊ विजेचा भाव शून्याखाली! फुकट! फुकटाच्याही खाली!"

राइलीच्या हातातला कापूस गळून पडला. धावत येऊन तिने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फोन हिसकावून घेतला. दोन आठवडे त्या फोनवर तासांचे उभे पट्टे नुसते लालभडक दिसत होते. सकाळी लाल, दुपारी लाल, जेवायच्या वेळेला तर वर मावत नाहीत इतके लाल. आणि आता उद्याच्या संध्याकाळी तीन इवलेसे हिरवे पट्टे रेघेच्या खाली लोंबत होते. तिने ते पुन्हा पुन्हा बघितले. मग नवऱ्याचे दोन्ही गाल धरून त्याचा मुका घेतला. नाताळातसुद्धा घेतला नव्हता.

"लेम्पीताईला सगळं मिळणार रे!" ती म्हणाली. "गरम सौना, गरम खोली, खायला गरम पिराक्का! सगळं!"

लेम्पी म्हणजे राइलीची थोरली बहीण. तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात कामाला म्हणून स्वीडनला गेली ती तिथलीच झाली. आईला माती द्यायला आली होती, त्यानंतर आत्ता. तेही एका जुन्या मैत्रिणीच्या अंत्यविधीसाठी काजानी शहरात आलेली. शनिवारी दुपारी टॅक्सीने इकडे गावाला, हौकिव्हाराला येणार, एक रात्र राहणार, रविवारी परत. पुन्हा कधी येशील, असं राइलीने फोनवर विचारलं नव्हतं. त्या वयात कोण कुणाला असं विचारतं! लेम्पीनेच आपणहून सांगितलं होतं, "मला काही नको गं. बाबांच्या सौनात एकदा बसव, की झालं."

आणि इथेच तर राइलीचं घोडं अडत होतं.

कारण बाबांच्या सौनात, त्या वाफेने घाम काढायच्या लाकडी खोलीत, बाबांची भट्टीच राहिली नव्हती. हा सगळा ताइस्तोच्या हुशारीचा प्रताप. गेल्या वसंतात त्याने तासागणिक भाव बदलणारी वीज घेतली. उन्हाळाभर ती मातीमोल. कधीकधी तर भाव शून्याखाली जायचा, आणि ताइस्तो दुकानात, चर्चच्या अंगणात, बसथांब्यावर छाती काढून सांगत सुटायचा, "मी कंपनीला पैसे देत नाही, कंपनी मला देते!" वीज वाहून आणायचं भाडं आणि सरकारचा कर मात्र तो सांगायचा विसरायचा. निवृत्त बसड्रायव्हर माणूस, आयुष्यभर लोकांना आपल्यामागे बसवून नेलं, त्याची सवय जाते होय? जुलैपर्यंत त्याने गावातली तीस घरं त्याच योजनेत ओढली.

फक्त एक घर सोडून. रस्त्यापलीकडचा ओइव्हा.

ओइव्हा म्हणजे ताइस्तोचा शाळेपासूनचा जोडीदार. मासे धरायला दोघं एका होडीत, हरणाच्या शिकारीला एका झाडाखाली. बोलायला काटकसरी. तो एवढंच म्हणाला होता, "हिवाळा येऊ दे."

ताइस्तोला ते झोंबलं. त्या तिरीमिरीतच त्याने सौनातली लाकडावरची जुनी भट्टी उखडली, विजेची चकचकीत भट्टी बसवली, आणि वर ओइव्हालाच सांगितलं, "तुझा ट्रेलर आण आणि हे धूड भंगारात टाकून ये." ओइव्हा म्हणाला, "हे टाकू नकोस, ताइस्तो." ताइस्तो म्हणाला, "धूर खाऊन खाऊन तुझं डोकं काळं झालंय." हे सगळं उन्हाळी सणाच्या होळीपाशी, अख्ख्या गावादेखत. ओइव्हाने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने भट्टी नेली, आणि तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद.

बंद म्हणजे कशी? समोरासमोर आले की दोघंही राइलीशी बोलायचे. "त्याला म्हणावं, त्याची पत्रं माझ्या पेटीत आलीत." "त्याला सांग, टाक म्हणावं तिथेच." आणि दोघांमध्ये अंतर किती, तर हात लांब केला तर नाक ओढता येईल एवढं. राइली मधे उभी राहून दोघांच्या तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, साठी उलटून वर किती वर्षं झाली या दोन पोरांची!

मग हिवाळा आला, ओइव्हाने म्हटल्यासारखाच. तळं गोठलं, झाडं तडकायला लागली, आणि भाव चढला तो उतरायचं नाव घेईना. घरात नियमांवर नियम. लाल तासात ओव्हन लावायचा नाही. कपडे धुवायचे ते पहाटे. जेवणाच्या टेबलापाशी कोट घालून बसायचं. राइलीने ठणकावून सांगितलं होतं, की भाव आभाळाला लागला तरी शनिवारी ताईसाठी सौना तापणार म्हणजे तापणार. त्यावर ताइस्तो म्हणाला होता, "तापव. पण मग पाहुणीच्या खोलीतला हीटर बंद. दोन्ही चालवलं तर महिन्याची पेन्शन वायरीतून जाईल." म्हणजे एक तर बहिणीला घाम आणायचा आणि मग बर्फाच्या गादीवर निजवायचं, नाहीतर उलटं. यावर दोघांचं आठवडाभर वाजत होतं.

आणि आता हे तीन हिरवे पट्टे! पश्चिम किनाऱ्यावर म्हणे वादळ येणार होतं, तिथल्या पवनचक्क्या भिंगरीसारख्या फिरणार होत्या. हौकिव्हारात वाऱ्याची झुळूक नव्हती, धूर सरळ काठीसारखा वर जात होता, पण वीज कुठे बघते तिचा वारा कुठे वाहतोय ते!

संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर नुसता शिमगा. तळ्यापलीकडची आउने, जिने दोन आठवडे मेणबत्तीवर शब्दकोडी सोडवली होती, तिने लिहिलं, "मी तिन्ही गालिचे धुणार!" दुकानदाराने लिहिलं, "मी दोन्ही गाड्यांची इंजिनं गरम करायला लावणार." कुणी म्हणालं, गरम पाण्याचा टब भरणार. मास्तरांच्या घरात तर पाव, केक, डुकराचं भाजलेलं मांस, असा नाताळ पुन्हा होणार होता. खाली सगळ्यांनी ताइस्तोला शाबासकीचे अंगठे टाकले होते. आउनेने लिहिलं, "ताइस्तो, तुला शिव्या घातल्या त्या मी परत घेते."

"बघ," ताइस्तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बघ, परत घेतल्या."

"घातल्या होत्या हे तरी कळलं," राइली म्हणाली. पण तीही हसत होती. रात्री तिने पिराक्कांच्या पारीसाठी राय धान्याचं पीठ मळून ठेवलं, आत भरायला भाताची खीर शिजवली, डीप फ्रीजरमधून सौनात अंगावर मारायची बर्चच्या पाल्याची जुडी काढली. जून महिन्यातली हिरवी पानं बर्फातून बाहेर आली, तेव्हा स्वयंपाकघरात उन्हाळ्याचा वास सुटला आणि तिला उगाचच रडू आलं.

शनिवारी चारला टॅक्सी आली. लेम्पी उतरली ती केवढीशी झालेली! राइलीला वाटलं, ही माझी ताई, जी मला खांद्यावर बसवून तळ्यात शिरायची? पण तोंड उघडलं आणि तीच निघाली.

"काय गं ही थंडी! घरातसुद्धा वाफ निघतेय तोंडातून. ताइस्तो, बायकोला गोठवून टिकवायचा विचार आहे का?"

"फक्त दोन तास थांब, मेहुणीबाई," ताइस्तो म्हणाला. त्याने भिंतीवर कागद चिकटवला होता. कुणी कुठलं बटण दाबायचं ते सगळं ठरलेलं. "सहा वाजता बघ काय जादू होते!"

"सहाला कशाला? भट्टीत लाकडं आत्ताच टाकायला हवीत. ती तापायला वेळ घेते." लेम्पीने राइलीचा हात धरला. "माझं पायडल अजून आहे ना गं दाराला?"

राइलीने हात सोडवून घेतला आणि कॉफीचं भांडं उचललं.

त्या पायडलची गोष्ट अशी. लेम्पी दहा वर्षांची असताना नवीकोरी सायकल घेऊन उतारावरून सुटली ती थेट तळ्याकाठच्या खडकावर. सायकलचा चक्काचूर. पोर मार खायच्या तयारीत घरी आली. वडील लाकूडगिरणीत वेल्डिंगचं काम करायचे. ते काही बोलले नाहीत. मोडक्या सायकलचं एक पायडल दांडीसकट कापलं आणि आपण बनवलेल्या सौनाच्या भट्टीच्या दाराला मूठ म्हणून जोडलं. म्हणाले, "आता हे तुझं. दर शनिवारी तूच मारायचं." तेव्हापासून घर सोडेपर्यंत भट्टी पेटवायचा मान लेम्पीचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर ती चावायची.

"आहे ना?" लेम्पीने पुन्हा विचारलं.

"तू आधी कॉफी घे बघू," राइली म्हणाली, आणि पाठ वळवली. नंतर सांगू, तिने ठरवलं. आधी ताई गरम होऊ दे, पोटात चार पिराक्का जाऊ देत, सौनात बसून जरा सैलावली की सांगू. गरम माणूस माफ करतो.

सहाला पाच मिनिटं कमी असताना ताइस्तो फ्यूजबोर्डापाशी असा उभा राहिला, जणू रॉकेट सोडायचंय. राइली ओव्हनपाशी. लेम्पीला सुद्धा वॉशिंग मशीनचं बटण वाटून दिलं होतं, आणि ती हसून हसून बेजार झाली होती. "पाच!" ताइस्तो ओरडला. "चार! तीन!" ग्रुपवरही लोक आकडे टाकत होते, फोन टेबलावर थुडथुडत होता. "दोन! एक! सोडा!"

आणि सुटलं! ओव्हन गुरगुरला, मशीन फिरलं, खोल्याखोल्यांतले हीटर टकटक करत जागे झाले, अंगणातल्या गाडीला इंजिन गरम करायची वायर लागली, सौनातल्या चकचकीत भट्टीच्या सळया गुलाबी व्हायला लागल्या. ताइस्तोने घरातला एकूण एक दिवा लावला, अगदी माळ्यावरचासुद्धा. खिडकीतून बघावं तर सगळं गाव झगमगतंय! तळ्याच्या बर्फावर पिवळा उजेड सांडलाय, आउनेच्या घरी तर अंगणातलं नाताळचं झाडही पेटलंय. ताइस्तोने रेडिओ लावला, राइलीला कमरेला धरलं आणि फरशीवर एक गिरकी घेतली. लेम्पी टाळ्या वाजवत होती. ओव्हनमधून लोणी आणि भाजलेल्या रायच्या पिठाचा खमंग वास यायला लागला. राइलीने कोट काढून खुंटीला टांगला. किती दिवसांनी!

तेवढ्यात बाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, खांबावरच्या डीपीत निळं काहीतरी चमकलं आणि ढप्प असा आवाज झाला.

रेडिओ गप्प. मशीन गप्प. अंधार. खिडकीबाहेर गावच नाहीसं झालं होतं.

"लाइट गेली," लेम्पी म्हणाली.

ओव्हन हळूच कटकट करत थंड व्हायला लागला. ताइस्तोच्या फोनचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि त्या उजेडात तो एकदम म्हातारा दिसत होता.

"सगळ्यांचीच गेली," तो वाचत म्हणाला. "आउनेची गेली, मास्तरांची गेली. सगळ्यांनी एकदम लावलं ना... डीपीला झेपलं नाही. कंपनी म्हणतेय माणसं निघतील, पण आधी दुसरीकडचं काम आहे. दोन-तीन तास."

"दोन-तीन तास!" राइलीचा आवाज चढला. "म्हणजे तुझे ते हिरवे पट्टे संपल्यावर! अरे, तीस घरांना तूच शिकवलंस, आणि तीस घरांनी एकाच ठोक्याला बटणं दाबली! एकाच्याही टाळक्यात आलं नाही की वायर एकच आहे म्हणून? मीपण बावळट, मीपण आकडे मोजत उभी राहिले! आठवडाभर मी या एका संध्याकाळसाठी..." तिने बाहीने डोळे पुसले. "ओव्हनमध्ये पिराक्का अर्ध्या कच्च्या आहेत. सौना कोमट. ताई, तुला मी आता काय देऊ गं?"

"अगं वेडे, रडतेस काय?" अंधारातून लेम्पीचा आवाज आला, आणि त्यात चक्क आनंद होता. "सौनाला लाइट कशाला लागते? बाबांच्या वेळी कुठे होती? लाकडं आण, भट्टी मी पेटवते. माझं पायडल मलाच मारू दे!"

आता मात्र सुटका नव्हती.

"ताई," राइली म्हणाली, "ती भट्टी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"काढली. उन्हाळ्यात. भंगारात गेली. सौनात आता विजेची आहे."

मग लेम्पीने अगदी हळू विचारलं, "आणि पायडल?"

"तेही त्याच्याबरोबर."

"बरं," लेम्पी म्हणाली. "असू दे. जुनं सामान कुणी किती दिवस ठेवायचं." पण ती खुर्चीवर बसली ती एकदम बसली, आणि तिने अंधारात आपला कोट चाचपून पुन्हा अंगावर घेतला.

ताइस्तो भिंतीला टेकून उभा होता. "कसलं पायडल?" त्याने विचारलं.

राइलीने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, पाचव्याला तिला बोलवेना. या घरात जावई म्हणून आल्यापासून ताइस्तोने ती वाकडी मूठ हजारदा धरली असेल. त्याला वाटायचं, सासऱ्याने मिळेल तो तुकडा चिकटवलाय.

"मला कुणी सांगितलं नाही," तो पुटपुटला.

"मी सांगायच्या आत तू उखडून मोकळा झाला होतास! मी कुह्मोहून बाजार करून आले तर भट्टी अंगणात पडलेली, आणि मग तू कुणाचं ऐकतोस होय?"

ताइस्तोने टोपी चढवली, कंदील शोधला, तो पेटवायला तीन काड्या फुकट घालवल्या. बर्फातले बूट घालताना तो कण्हला.

"कुठे चाललास?"

"समोर," तो म्हणाला. "चला दोघी. टॉवेल घ्या. ती पाल्याची जुडी पण घ्या."

जून महिन्यापासून त्या रस्त्याच्या पलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं. राइलीने एका हाताने ताईला धरलं, दुसऱ्या हातात पिशवी घेतली. बाहेर पाऊल ठेवताच थंडीने नाकातले केस ताठ झाले. बूट बर्फावर करकरत होते. वर चांदण्यांचा सडा, खाली काळंकुट्ट गाव, आणि त्यात एकच खिडकी पिवळी, एकच धुराडं जिवंत. बर्चच्या लाकडाच्या धुराचा वास रस्त्यापर्यंत आला होता. लेम्पी थबकली, मान वर करून तिने तो वास छातीभर ओढून घेतला आणि पुढे निघाली.

ओइव्हा दारातच उभा होता. अंधार झाल्यापासून तो तिथेच उभा असावा.

ताइस्तो पायरीशी थांबला. कंदील खाली, मान खाली. त्याने घसा खाकरला, एकदा ओइव्हाच्या बुटांकडे बघितलं, आणि मग, देवा शप्पथ, तोंड राइलीकडे वळवलं.

"त्याला विचार, सौना तापलाय का?"

ओइव्हानेही राइलीकडेच बघितलं. "त्याला सांग, आज शनिवार आहे."

"त्याला म्हणावं, पाहुणी आहे. लेम्पी. तिला एकदा बसायचंय."

"त्याला सांग, लेम्पीला मी ओळखतो. लहानपणी ती मला चावली होती." आणि मग ओइव्हा थेट लेम्पीला म्हणाला, "ये. आधी बायका जा. लाकडं भरपूर आहेत. भट्टीकडे तूच बघ."

ओइव्हाचा सौना तळ्याच्या काठाला, ओंडक्यांचा, ठेंगणा. बाहेरच्या खोलीत कपडे काढताना दोघी बहिणी कुडकुडत एकमेकींना ढकलत होत्या, नव्या-जुन्या शस्त्रक्रियांचे व्रण एकमेकींना दाखवून हसत होत्या. आतलं दार उघडलं आणि उबेने दोघींना कवेतच घेतलं. खिडकीत एक मेणबत्ती. बाकी सगळा तांबूस अंधार. राइली वरच्या फळीवर चढून बसली, हाडं सैल सोडली, आणि आपोआप तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

लेम्पी खालीच राहिली. "आग जरा मंद वाटतेय," ती म्हणाली. "दोन लाकडं सरकवते." तिने कोपऱ्यातला जाड चामड्याचा हातमोजा चढवला, भट्टीच्या दाराकडे हात नेला, आणि तिचा हात हवेतच थांबला.

"राइली."

"काय गं?"

"राइली, मेणबत्ती आण. आण लवकर!"

राइली धडपडत उतरली. मेणबत्तीच्या उजेडात दोन नागड्या म्हाताऱ्या भट्टीपुढे उकिडव्या बसल्या. काळं दार. दाराला वेल्डिंगची जाड, वाकडी शिवण. आणि त्यावर, मुठीच्या जागी, सायकलची दांडी आणि तिच्या टोकाला एक पायडल.

लेम्पीने जी किंकाळी मारली ती आउनेने तळ्यापलीकडे ऐकली म्हणतात. राइलीने बहिणीच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या घामट पाठीवर थापट्या मारत होत्या. "माझं पायडल! अगं, माझं पायडल आहे हे!" मग लेम्पीने डोळे पुसले, हातमोजा घट्ट केला आणि पायडल ओढलं. दार करकरलं, अगदी तसंच. तिने आत लाकडं टाकली, दार लावलं, वरच्या दगडांवर पळीभर पाणी फेकलं. चर्रकन वाफ उठली. दोघी वरच्या फळीवर बसल्या, पाल्याच्या जुडीने एकमेकींच्या पाठी झोडल्या, आणि बाहेर यायचं नावच घेईनात.

शेवटी अंगातून वाफा काढत, टॉवेल गुंडाळून बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा दाराआडून राइलीने ओइव्हाला हाक मारली. "ओइव्हा! ही भट्टी तुझ्याकडे कशी?"

बाहेर बर्फ करकरला. "ट्रेलरवर चढवली," ओइव्हाचा आवाज आला. "भंगारवाल्याच्या फाटकापर्यंत नेली. मग त्या पायडलकडे बघितलं. हात धजला नाही गं. माझी तडकलीच होती, ती देऊन आलो."

"मग सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"कुणाला सांगू? बोलत कोण होतं?"

तेवढ्यात खिडकी एकदम उजळली. तळ्याच्या पलीकडे, अलीकडे, सगळीकडे दिवे लागले. आउनेचं झाडसुद्धा. कंपनीची माणसं लवकर आली होती. बाहेर ताइस्तोच्या कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला, टुंग टुंग टुंग, सगळं गाव ओरडत असणार: आली, आली, अजून शून्याखाली आहे! राइलीला वाटलं, आता हा पळणार. ओव्हन, मशीन, हीटर, सगळं आठवून पळणार.

फोन वाजायचा थांबला. त्याने बंद केला होता.

"चल मग," बाहेर ताइस्तो कुणाला तरी म्हणाला, कुणाला ते न बघता. पुरुष आत गेले. दोघी बहिणी बाकावर अंगाला अंग लावून बसल्या. ओइव्हाने ठेवलेला सॉसेजचा डबा उघडला, मोहरी लावून खायला सुरुवात केली. मधली भिंत फळ्यांची, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. पण पलीकडे बोलणंच नव्हतं. नुसते फळ्यांचे आवाज, एक कण्हणं, पाण्याची चर्र.

मग ओइव्हा म्हणाला, "त्याला म्हणावं, बर्फ वितळला की माझा ट्रेलर..." आणि थांबला. आत सांगायला तिसरं कुणी नव्हतंच.

राइलीने लेम्पीचं मनगट धरलं. दोघी चावायच्या थांबल्या.

"मलाच सांग की, गाढवा," ताइस्तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. सौनात सगळ्यांचाच असतो.

"ट्रेलर मोकळा आहे. भट्टी परत न्यायची तर."

"नको," ताइस्तो म्हणाला. "इथेच बरी आहे ती. शनिवारी आम्हीच येत जाऊ. लाकडं मी फोडतो." आणि जरा थांबून, "ओइव्हा."

"हं?"

"टाक की अजून एक पळी."